बरं आणि बरे

दुचाकी दुरुस्तीच्या दुकानावर संस्थेच्या तीन खोल्या होत्या. जिना इमारतीच्या बाहेरून होता आणि त्याच जिन्याने आणखी एक मजला चढले की एका विमा एजंटाचे कार्यालय लागे. त्यामुळे जिना चढणारा माणूस कोणाच्या दृष्टीस पडलाच, तर तो विमा उतरवायला निघाला आहे असे समजायला जागा होती. खोल्या घेताना हा फायदा कोणी विचारात घेतला नव्हता. पण मनाच्या दुखण्यासाठी दार ठोठावणाऱ्याला असा एखादा आडोसा लागतो, हे वर्षभरात सगळ्यांच्या ध्यानात आले. तोटा एवढाच, की खाली हॉर्न दुरुस्त झाला की तो वाजवून पाहिला जाई, आणि वर कोणी हुंदका आवरत काही सांगत असताना नेमका दोनदा वाजे. नवखे समुपदेशक दचकत. ताई दचकत नसत. हॉर्न थांबेपर्यंत त्या थांबत आणि मग म्हणत, "हं, तुम्ही सांगत होतात."

संस्थेत त्यांना घड्याळताई म्हणत. पन्नास मिनिटांची बैठक त्या पन्नासाव्या मिनिटाला संपवत. भिंतीवरचे घड्याळ त्यांनी समोरच्याच्या पाठीमागे लावून घेतले होते, आपण वेळ पाहतो आहोत हे त्याला कळू नये म्हणून. "ताईंपुढे माणूस रडतो तेसुद्धा वेळापत्रकाप्रमाणे," अशी सहकाऱ्यांची थट्टा होती. ताई ती मनावर घेत नसत. एकावन्नावे मिनिट बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाचे असते, ते दुसऱ्या कोणाला देण्याचा आपल्याला अधिकार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत त्या एका मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसत. अकरा वर्षे त्यांनी लोकांना क्ष-किरण विभाग कुठे आहे ते सांगितले. कितीतरी माणसे उत्तर मिळाल्यावरही खिडकीपुढून हलत नसत. त्या न हलण्यात खरा प्रश्न असतो, हे त्यांना हळूहळू कळू लागले; पण त्या प्रश्नाचे उत्तर खिडकीच्या अरुंद फटीतून देता येण्याजोगे नव्हते. मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी समुपदेशनाचा अभ्यासक्रम पुरा केला. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्याचे काम करी आणि त्या दोन वर्षांत तो स्वयंपाक शिकला, असे तो सांगे. शिकला नाही, असे मुलगी सांगे.

संस्थेत त्यांना आता आठ वर्षे झाली होती. आपण ऐकतो, आणि नीट ऐकतो, हा त्यांचा एकमेव अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता, त्यामुळे तो तपासून पाहण्याची वेळही कधी आली नव्हती.

ती वेळ एका सोमवारी पावणेबाराला आली. दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीपुढची, हातात कापडी पिशवी, चपला बाहेर काढाव्यात की नाहीत या विचारात अडकलेली.

"मी मास्तरांच्या घरून आले," ती म्हणाली. "शिंपी मास्तर. तुमच्याकडे येत होते."

ताईंना मास्तर आठवले. न आठवण्याचा प्रश्नच नव्हता. सत्तावीस वर्षे कपडे शिवणारा हा माणूस मागच्या वर्षी त्यांच्यापुढे येऊन बसला, तेव्हा त्याचा हात कापडाला कात्री लावत नव्हता. कापड पसरायचे, माप घ्यायचे, खडूने खूण करायची, खूण पुसायची आणि पुन्हा माप घ्यायचे. सुरुवात एका कोटापासून झाली होती. एका गिऱ्हाइकाने वारलेल्या वडिलांचा कोट आपल्या मापाचा करायला दिला आणि मास्तरांच्या हातून बाही चार बोटे आखूड कापली गेली. गिऱ्हाईक रागावले नाही. कोटाची घडी घालून, मान हलवून निघून गेले. "शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो, ताई," मास्तर म्हणाले होते.

आठ बैठका झाल्या. आधी वर्तमानपत्र कापायचे, मग जुनी चादर, मग अस्तर, अशा पायऱ्या चढत सहाव्या बैठकीला मास्तरांनी स्वतः कापलेली कॉलर खिशात घालून आणली आणि टेबलावर ठेवली. आठवीनंतर फक्त दरमहा फोन. संस्थेचा नियम होता की तीन महिने लागोपाठ 'प्रकृती' या रकान्यात 'बरे' अशी नोंद पडली की फाइल बंद करायची आणि तसे पत्र पाठवायचे. मास्तरांची फाइल दोन महिन्यांपूर्वी बंद झाली होती. त्यांचे दुकान ताईंच्या घरच्या वाटेवर होते. आपल्याकडे येणाऱ्या माणसाकडून स्वतःचे काम करून घ्यायचे नाही, हा दुसरा नियम. म्हणून ताई ते दुकान ओलांडून पुढे जात आणि घरी मुलगी त्यांच्या उसवलेल्या बाहीत बोट घालून म्हणे, "आई, तुझं तत्त्व दिसतंय इथून."

"मास्तर कसे आहेत?" ताईंनी विचारले.

"शनिवारी टेबल न्यायला माणूस येणार आहे," मास्तरांची बायको म्हणाली. "कापायचं टेबल. सासऱ्यांच्या वेळचं. ते म्हणतात, वापर नाही तर जागा कशाला अडवायची. टेबल गेलं की दुकान गेलं, ताई. ते परत काही उभं राहायचं नाही."

"वापर नाही म्हणजे? काम चालू होतं ना त्यांचं?"

"कुठलं चालू? कित्येक महिन्यांपासून एकाही कापडाला कात्री लागलेली नाही. गिऱ्हाईक येतं, कापड ठेवतं, म्हणतं, मास्तर, शुक्रवारी द्या. हे म्हणतात, बरं. शुक्रवारी गिऱ्हाईक बोलून जातं, हे म्हणतात, बरं. आता तर कोणी फिरकत पण नाही."

"मग इकडे का नाही आले? मी सांगितलं होतं, त्रास झाला तर फोन करा."

"हो, तुम्ही सांगितलंत. ते म्हणाले, बरं." बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. घड्यांवर मऊ पडलेला, कोपऱ्याला खडूचा निळा डाग. "हे तुमचं पत्र. टेबलाच्या काचेखाली ठेवलंय त्यांनी. मी आज काढून आणलं. मी म्हटलं, जा परत ताईंकडे. तर म्हणाले, कुठल्या तोंडानं जाऊ? एवढी शिकलेली माणसं लिहून देतात की मी बरा झालो, म्हणजे मी बराच असणार. मग हात का चालत नाही? तर मी कामचुकार झालोय. असं म्हणाले."

'आपली प्रकृती बरी झाल्यामुळे आपली फाइल बंद करण्यात येत आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' खाली ताईंची सही होती, वळणदार आणि ठसठशीत.

ताईंनी तेव्हा काहीच कबूल केले नाही. "दोन दिवस द्या मला," एवढेच म्हणाल्या. बाई "बरं" म्हणून जिना उतरू लागली. ताई दारातच थांबल्या आणि त्यांनी तिला परत हाक मारली. "वहिनी, बरं म्हणजे? देताय ना दोन दिवस?"

"देते म्हणजे काय, माझ्या हातात आहे का ते? शनिवार माझ्यासाठी थोडाच थांबणारे?"

ताई बोलता बोलता एका वहीत कच्ची टिपणे घेत. ती जशीच्या तशी, बोललेल्या शब्दांत. नंतर ती नोंदवहीत उतरवायची आणि तिथे बोलीतले शब्द टाळून लेखी भाषेत लिहायचे, असा संस्थेचा दंडक होता. ताईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

पहिल्या फोनचे कच्चे टिपण असे होते: 'कसं वाटतंय? — बरं.' दुसऱ्याचे: 'रोज एक तरी कापड कापायचं, ठरलंय ना? — बरं.' तिसऱ्याचे: 'त्रास झाला तर स्वतःहून फोन करा. — बरं.' आणि नोंदवहीत, तिन्ही तारखांपुढे, एकाखाली एक, नीटनेटक्या अक्षरात: बरे. बरे. बरे.

तीनपैकी दोन वेळा तर त्यांनी प्रकृती विचारलीही नव्हती. मास्तरांनी सांगणे ऐकल्याची पावती दिली होती, जशी ते गिऱ्हाइकाला देत. आणि ताईंनी डोक्यावरचे टिंब काढून तिथे एक मात्रा दिली होती. त्या मात्रेने होकाराचे आरोग्य झाले.

ही चूक कान कमी पडल्याने झाली, असे ताईंना म्हणता आले असते, पण ते खरे नव्हते. बाहेरच्या बाकावर, म्हणजे प्रतीक्षायादीत, त्या वेळी चौदा माणसे होती. एक फाइल मिटली की एक खुर्ची रिकामी होते. ज्याच्यामागे रांग आहे त्याचा कान निष्पक्ष राहत नाही. जे ऐकल्याने रांग पुढे सरकेल ते त्याला आधी ऐकू येते. अशा वेळी खोटे बोलावे लागत नाही, खोटे ऐकले तरी पुरते. आणि असे ऐकणारा माणूस स्वतःला दयाळूही समजू शकतो, कारण चौदांपैकी एकाला त्याने आत घेतलेले असते.

त्या संध्याकाळी घरी स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तो महिनाभर गळत होता. नवरा वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"नळवाल्याला सांगितलंत का?"

"बरं," नवरा म्हणाला.

ताई पोळपाटावरून वळल्या. "काय म्हणालात?"

"आई, बाबांनी ऐकलंच नाहीये," मुलगी म्हणाली. ती आता सतरा वर्षांची होती आणि घरातल्या सगळ्यांना ओळखून होती. "बाबांचं 'बरं' म्हणजे 'तुझा आवाज आला'. 'बरं बरं' म्हणजे 'आता पुरे'. आणि 'बरं मग' म्हणजे 'वाढा'."

"आणि 'बरं का' म्हणजे तुझ्या आईने शिकवायला घेतलं," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

एरवी ताई हसल्या असत्या. "मग खरं काय ते कळायचं कसं?" त्यांनी विचारले.

"असं विचारायचं की 'बरं' म्हणताच येणार नाही. बघ हं. बाबा, नळ किती गळतोय?"

"मिनिटाला अठ्ठावीस थेंब."

"मोजलेत तुम्ही?"

"मग? धंदाच आहे माझा."

"महिनाभर मोजताय आणि दुरुस्त नाही करत?" ताई म्हणाल्या.

"आता विचारलंस ना नीट. उद्या करतो."

मंगळवारी साप्ताहिक बैठक होती. समन्वयक सर वाईट माणूस नव्हते. दोन समुपदेशकांच्या बळावर चार जणांचे काम चालवायचे आणि वर्षाअखेरीस अहवाल छापायचा, यात त्यांचे केस गेले होते. त्यांनी ताईंचे सगळे ऐकून घेतले आणि फाइल पुन्हा उघडण्याचा फॉर्म पुढे सरकवला.

"उघडा की. कारणाच्या रकान्यात 'त्रासाची पुनरावृत्ती' लिहा, मी सही करतो."

"पुनरावृत्ती झालेली नाही, सर. त्रास गेलाच नव्हता."

"ताई, एका शब्दाला किती धरून बसायचं?"

"दुसरं आहे काय आपल्याकडे धरायला? 'पुनरावृत्ती' लिहिलं की मास्तर बरे झाले होते आणि पुन्हा बिघडले, असा अर्थ होतो. म्हणजे दोष त्यांच्या पदरात. आधीच तो माणूस आपल्या पत्रामुळे स्वतःला कामचुकार म्हणतोय."

"मग काय लिहायचं म्हणता?"

"नोंद चुकीची. चूक समुपदेशकाची."

सरांनी चष्मा काढला. "असा पर्याय नाही फॉर्मवर. चारच छापलेत. आणि अहवालात बरे झालेले एकशे बारा म्हणून छापून गेलेत. उद्या कोणी विचारलं, बाकीच्या एकशे अकरांचं काय, तर?"

"त्यातले चौतीस माझे आहेत. मीसुद्धा तेच विचारतेय."

खाली हॉर्न वाजला, दोनदा.

"खालच्यांना पटलेलं दिसतंय," सर म्हणाले आणि चष्मा चढवला. "लिहा. हाताने लिहा पाचवा पर्याय. पण चौतीस जणांना फोन तुम्ही करणार, आणि तेही बैठकांची वेळ न मोडता."

ताईंनी फॉर्म भरला. 'चूक समुपदेशकाची' हे शब्द लिहिताना त्यांचे अक्षर नेहमीपेक्षा लहान आले. ते त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी ते खोडून पुन्हा नेहमीच्या आकारात लिहिले.

दुपारी त्यांनी मास्तरांना फोन केला.

"मास्तर, आज सकाळी टेबलावर काय होतं?"

"काच. आणि धूळ."

"कापड?"

"नाही."

"शेवटचं कधी कापलंत?"

"कॉलर कापली होती. तुम्हाला दाखवली ती. त्यानंतर हात चालला नाही, ताई."

म्हणजे तीन फोन झाले, त्याच्याही आधीपासून. ताईंनी टेबलाची कड धरली. "मास्तर, तुम्ही फोनवर 'बरं' म्हणालात ते मी 'बरे' असं लिहिलं. तुम्हाला न विचारता. मग ते पत्र गेलं. पत्र चुकीचं आहे आणि चूक माझी आहे. तुम्ही बरे झाला नव्हतात, त्यामुळे कामचुकार झालात हेही खरं नाही. तसं दुसरं पत्र मी लिहून ठेवलंय."

पलीकडे मास्तर बहुधा हसले. निदान तसा श्वास ऐकू आला. "आमच्यात याला अल्टर करणं म्हणतात. पण माप घेऊन करतात."

"हो. मी माप घेतलं नाही."

"बाही आखूड झाली म्हणायची."

"चार बोटं," ताई म्हणाल्या. "शिव्या घालायच्या तर घाला."

मास्तरांनी शिव्या घातल्या नाहीत. पण ते ताबडतोब 'असू दे' असेही म्हणाले नाहीत, आणि या दुसऱ्या गोष्टीने ताईंना धीर आला.

"शुक्रवारी अकराला येता?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि स्वतःच थबकले. "म्हणजे शुक्रवारी उशीर होईल. शनिवारी तो माणूस येणार. गुरुवारी येतो."

गुरुवारी मास्तर आले. नवे पत्र त्यांनी दोनदा वाचले, घडी घातली आणि छातीवरच्या खिशात ठेवले. मग म्हणाले, "टेबल द्यायचं नाहीये मला. पण त्याला 'घेऊन जा' म्हणून बसलोय. तुम्हीच सांगता का त्याला?"

"मी नाही सांगणार. पण मी तो माणूस बनते. तुम्ही मला सांगा." ताईंनी खुर्ची मागे सरकवली, उभ्या राहिल्या आणि आवाज चढवला. "काय मास्तर, टेम्पो खाली उभाय. उचलू का?"

"बरं," मास्तर म्हणाले आणि दोघेही हसले.

"पुन्हा. काय मास्तर, माणसं आणलीत मी बरोबर. आता मागे नाही हं फिरायचं."

"नाही, तसं नाही... जरा पुढच्या आठवड्यात..."

"पुढच्या आठवड्यात कशाला? आत्ताच नेतो की."

"बरं."

असे पाचदा झाले. सहाव्या वेळी मास्तरांनी "नाही देणार" म्हटले. पण ते ताईंकडे न पाहता, टेबलाकडे पाहत आणि इतक्या हळू, की खालचा हॉर्न वाजत असता तर ते ऐकूही आले नसते. पन्नास मिनिटे झाली. ताईंनी बैठक संपवली. बाहेरच्या बाकावर एक शिक्षिका बसली होती आणि ते मिनिट तिचे होते. तरी पुढच्या बैठकीत पहिली पाच मिनिटे आपण त्या शिक्षिकेचे नव्हे, तर जिना उतरणाऱ्या मास्तरांच्या पावलांचे ऐकत होतो, हे ताईंनी त्या दिवशीच्या कच्च्या टिपणात लिहून ठेवले.

शनिवारी संस्था बंद असे. ताई घरी होत्या. नळ गळायचा थांबला होता, आणि न गळणारा नळ किती शांत असतो याची त्यांना सवय होत नव्हती. दुकानावरून जाऊन यावे असे त्यांच्या दोनदा मनात आले. बोलावल्याशिवाय जायचे नाही, हाही नियमच होता. या वेळी तो पाळणे त्यांना जड गेले.

सोमवारी दहाला त्यांनी फोन लावला.

"मास्तर, टेबल कुठे आहे?"

"जागेवर."

ताईंनी श्वास सोडला. "आणि तो माणूस?"

"आला होता. टेम्पो घेऊन. मी म्हटलं, नाही देणार. दोनदा म्हटलं, पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही." मग मास्तरांचा आवाज जरा ओशाळा झाला. "आरसा दिला त्याला."

"आरसा?"

"ट्रायलचा. मोठा होता ना, भिंतीवरचा. रिकाम्या हाती कसं पाठवायचं माणसाला, टेम्पो घेऊन आलेला. घरात दोन दिवस बोलणं बंद आहे माझ्याशी."

मागून बायकोचा आवाज आला, "ताईंना सांगा, आता गिऱ्हाइकांनी स्वतःला बघायचं कशात?"

ताईंनी तो प्रश्नही कच्च्या वहीत उतरवला. मग विचारले, "आज काय कापलंत?"

"खिसा."

"कोणाचा?"

"शर्टाचा, ताई. अजून त्या थराला नाही गेलो."

"एकच?"

"एकच. सकाळी सातला माप घ्यायला बसलो, साडेनऊला कापला. दुसरा तसाच आहे, खूण करून."

"पुढचा फोन गुरुवारी करते."

"ब..." मास्तर म्हणाले आणि थांबले. "गुरुवारी करा. दहानंतर."

ताईंनी नोंदवही उघडली. 'प्रकृती' हा रकाना दोन बोटे रुंद होता. शेजारी उभे असलेले समन्वयक सर त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. बाकीच्या चौतीस नावांची यादी टेबलावर होती आणि त्यातल्या पहिल्या दोघांपुढे फुल्या पडल्या होत्या.

"बरे आहेत की नाहीत, ते लिहा फक्त," सर म्हणाले. "बाकीचं नाही मावायचं त्यात."

'टेबल जागेवर. आरसा दिला. अडीच तासांत एक खिसा कापला,' असे ताईंनी लिहिले. अक्षरे रकान्याची रेघ ओलांडून पलीकडच्या 'शेरा' या रकान्यात गेली. मग त्यांनी यादीवरचा तिसरा क्रमांक फिरवला, आणि पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्हणेपर्यंत, काय विचारायचे ते मनाशी पक्के केले.